‘आम्ही नांगरतो आणि पेरतो’ : सुगीच्या एका गीताचे कवी, संगीतकार आणि अनुवादक

शेतातील पीक घरात आल्यानंतर परमेश्वराचे आभार मानण्याची प्रथा जगातील बहुतेक कृषिप्रधान समाजांत आढळते. युरोपातील ख्रिस्ती समाजात हा उपकारस्तुतीचा दिवस साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या प्रारंभी साजरा केला जातो. या दिवशी इंग्लंडमधील चर्चमध्ये हमखास गायले जाणारे गीत म्हणजे ‘वी प्लाउ द फील्ड्स अँड स्कॅटर’. ‘आम्ही शेते नांगरतो आणि बी विखुरतो’ असा या शीर्षकाचा अर्थ आहे.

अनेक इंग्रजी भाषिक हे गीत पारंपरिक व इंग्लंडच्या ग्रामीण जीवनातूनच आलेले आहे असे मानतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. मूळ गीत जर्मन असून ते एका पत्रकाराने लिहिले आहे. त्याची चाल एका दरबारी संगीतकाराची मानली जाते. इंग्रजी शब्द लंडनमधील एका धर्मोपदेशकाच्या कन्येचे आहेत, तर चर्चमध्ये ऐकू येणारी त्याची स्वररचना इंग्लंडच्या उत्तर भागातील एका धर्मगुरूने सिद्ध केली. या गीताचा प्रवास म्हणजे एखादी रचना ‘पारंपरिक’ कशी होते आणि त्या प्रक्रियेत अनुवादकाचे नाव कसे मागे पडते, याचे बोलके उदाहरण आहे.

एका दृष्टिक्षेपात

मूळ कविता : माथियास क्लाउडियस (१७४०-१८१५), जर्मन, प्रकाशन १७८३
चाल : योहान आब्राहाम पेटर शुल्त्स (१७४७-१८००) यांची मानली जाते, प्रथम मुद्रण १८००
इंग्रजी अनुवाद : जेन मॉन्टगोमेरी कॅम्पबेल (१८१७-१८७८), प्रकाशन १८६१
चर्चसाठी स्वररचना : जॉन बॅकस डाइक्स (१८२३-१८७६), प्रकाशन १८६८
डॅनिश अनुवाद : याकोब क्नुडसेन (१८५८-१९१७), १८९१

मूळ कवी

माथियास क्लाउडियस यांचा जन्म १५ ऑगस्ट १७४० रोजी ल्युबेक शहराजवळील राइनफेल्ड या गावी झाला. त्यांचे वडील लुथरन पंथाचे धर्मोपदेशक होते. येना विद्यापीठात त्यांनी प्रथम धर्मशास्त्र आणि नंतर कायद्याचा अभ्यास केला. तथापि त्यांची ओळख निर्माण झाली ती पत्रकारितेमुळे. हॅम्बुर्गलगतच्या वांड्सबेक या लहानशा गावातून निघणाऱ्या ‘देअर वांड्सबेकर बोटे’ म्हणजेच ‘वांड्सबेकचा निरोप्या’ या वृत्तपत्राचे ते १७७१ ते १७७५ या काळात संपादक होते. वृत्तपत्र छोटे होते, परंतु लेसिंग, हेर्डर व क्लोपश्टॉक यांच्यासारख्या नामवंतांचे साहित्य त्यात प्रसिद्ध होत असे.

वृत्तपत्र बंद पडल्यानंतर क्लाउडियस यांनी काही काळ डार्मश्टाट येथे सरकारी नोकरी केली. ती त्यांना मानवली नाही. १७७७ मध्ये ते वांड्सबेकला परतले आणि पुढील आयुष्य त्यांनी मोठ्या कुटुंबासह, बेताच्या उत्पन्नात व्यतीत केले. वांड्सबेक त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असल्याने १७८५ पासून त्यांना डेन्मार्कच्या युवराजांकडून वार्षिक मानधन मिळू लागले. २१ जानेवारी १८१५ रोजी हॅम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

साध्या शब्दांत लिहिणे हे क्लाउडियस यांचे वैशिष्ट्य होते. चंद्रोदयावरील त्यांचे ‘आबेंडलीड’ म्हणजे सांजगीत आजही जर्मन घरांत लहान मुलांना झोपवताना गायले जाते. त्यांच्या ‘मृत्यू आणि युवती’ या कवितेला फ्रान्झ शुबर्ट यांनी १८१७ मध्ये संगीत दिले.

मूळ कविता

आपले गद्य-पद्य लेखन क्लाउडियस यांनी ‘आस्मुस’ या टोपणनावाने अनेक भागांत प्रसिद्ध केले. १७८३ मध्ये आलेल्या चौथ्या भागात ‘पाउल एर्डमानचा समारंभ’ ही एक नाट्यात्म गद्यरचना आहे. पाउल एर्डमान या शेतकऱ्याच्या घरी गावकरी जमतात आणि तेथे सारे मिळून एक गीत म्हणतात, असा त्यातील प्रसंग आहे. या गीताचे नाव ‘शेतकऱ्यांचे गीत’ असे होते.

या मूळ रचनेत प्रत्येकी चार ओळींची १७ कडवी असून प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद येते. एकाने कडवे म्हणावयाचे व सर्वांनी ध्रुवपद धरावयाचे, अशी तिची मांडणी आहे. आपल्याकडील भलरी ऐकलेल्या वाचकाला ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. आज सुपरिचित असलेली नांगरणी-पेरणीची ओळ मूळ कवितेच्या प्रारंभी नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कवितेची सुरुवात विश्वनिर्मितीच्या वर्णनाने होते आणि नांगरणीचे कडवे तिसरे आहे. सर्व उत्तम दाने परमेश्वराकडूनच येतात हा ध्रुवपदाचा आशय नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतराव्या वचनावर आधारलेला आहे.

थोडक्यात, हे गीत चर्चसाठी लिहिलेले नव्हते. ते एका कथानकातील पात्रांच्या तोंडी घातलेले, शेतकऱ्याच्या अंगणात म्हणावयाचे गीत होते. कष्ट आमचे, पण उगवण आमच्या हाती नाही, हा त्याचा मध्यवर्ती विचार आहे. नांगरणारा आणि पेरणारा स्वतःच तो बोलून दाखवतो, यातच त्याचे बळ आहे.

संगीतकार

या गीताच्या चालीचे श्रेय योहान आब्राहाम पेटर शुल्त्स यांना दिले जाते. त्यांचा जन्म १७४७ मध्ये ल्युनेबुर्ग येथे झाला. बर्लिनमध्ये किर्नबेर्गर यांच्याकडे शिक्षण घेतल्यानंतर १७८० पासून ते राइन्सबेर्ग येथे प्रशियाचे राजपुत्र हाइन्रिख यांच्या दरबारात संगीतप्रमुख होते. १७८७ मध्ये ते कोपनहेगनच्या राजदरबारात गेले व १७९५ पर्यंत तेथे राहिले. १० जून १८०० रोजी त्यांचे निधन झाले.

दरबारात वावरूनही शुल्त्स यांना आस्था होती ती सामान्य माणसाला गाता येईल अशा गीतांची. १७८२ पासून त्यांनी ‘लोकधाटणीची गीते’ या नावाने संग्रह प्रसिद्ध केले. नवी चाल प्रथमच ऐकताना ती पूर्वी कोठेतरी ऐकली आहे असे श्रोत्याला वाटले पाहिजे, हा विचार त्यांनी या संग्रहाच्या प्रस्तावनेत आग्रहाने मांडला. क्लाउडियस यांच्या सांजगीताची आज सर्वत्र प्रचलित असलेली चालही शुल्त्स यांचीच असून ती १७९० च्या संग्रहात आली.

शेतकऱ्यांच्या जीवनाशी त्यांचा आणखी एका प्रकारे संबंध आला. डेन्मार्कमध्ये शेतकरी पुरुषांना जन्मगावच्या जमीनदारीशी बांधून ठेवणारा कायदा १७८८ मध्ये रद्द करण्यात आला. त्यानंतर १७९० मध्ये कोपनहेगन येथे टॉमस टारुप यांनी लिहिलेले ‘हॉस्टगिल्डे’ म्हणजे ‘सुगीचा मेळा’ हे संगीतनाटक रंगभूमीवर आले. त्याचे संगीत शुल्त्स यांचे होते.

मात्र प्रस्तुत गीताच्या चालीबाबत पुरावा तितका थेट नाही. १८०० मध्ये हॅनोव्हर येथे प्रसिद्ध झालेल्या शालेय गीतांच्या संग्रहात ही चाल प्रथम छापली गेली, तेव्हा तिच्यासोबत संगीतकाराचे नाव नव्हते. शुल्त्स यांचे निधनही त्याच वर्षी झाले. १८१२ मधील एका संग्रहात ती त्यांच्या नावावर नोंदविण्यात आली आणि तेव्हापासून तीच नोंद सर्वत्र स्वीकारली गेली. ऐकताक्षणी ओळखीची वाटावी अशा चालींचा पुरस्कार करणाऱ्या संगीतकाराची चाल निनावी छापली जावी, यात एक प्रकारची सुसंगतीही आहे.

इंग्रजी अनुवादक

जेन मॉन्टगोमेरी कॅम्पबेल यांचा जन्म लंडनमध्ये १८१७ मध्ये झाला. त्यांचे वडील पॅडिंग्टन येथील सेंट जेम्स चर्चचे धर्मगुरू होते. जेन या चर्चच्या शाळेत मुलांना गायन शिकवीत असत. गायकांसाठी त्यांनी एक मार्गदर्शक पुस्तिकाही लिहिली होती. जर्मन भाषा त्यांना उत्तम अवगत होती.

डेव्हन परगण्यातील धर्मगुरू चार्ल्स बेअर यांनी १८६१ मध्ये ‘अ गार्लंड ऑफ साँग्ज’ हा संग्रह प्रकाशित केला. त्याच्या उपशीर्षकात ‘लीडरक्रान्झ’ हा जर्मन शब्द होता. त्याचा अर्थ गीतमाला. या संग्रहासाठी कॅम्पबेल यांनी काही जर्मन गीतांचे अनुवाद करून दिले व त्यांपैकीच एक हे गीत होते. बेअर यांच्या १८६९ मधील मुलांच्या गीतसंग्रहातही कॅम्पबेल यांचा सहभाग होता. १५ नोव्हेंबर १८७८ रोजी डेव्हनमधील बोव्ही ट्रेसी येथे त्यांचे निधन झाले.

त्या एकट्याच नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन भक्तिगीते इंग्रजीत आणण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. कॅथरीन विंकवर्थ यांचा ‘लिरा जर्मानिका’ हा संग्रह १८५५ मध्ये आला व त्याचा दुसरा भाग १८५८ मध्ये. जेन बोर्थविक आणि सेरा फिंडलेटर या भगिनींनी १८५४ पासून ‘हिम्स फ्रॉम द लँड ऑफ ल्यूथर’ ही मालिका प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना प्रवचन करण्याचा अधिकार तेव्हा नव्हता आणि विद्यापीठांचे दरवाजेही त्यांच्यासाठी बंद होते. घरी शिकलेली परभाषा आणि गायनाचे ज्ञान यांच्या आधारे केलेला गीतांचा अनुवाद मात्र व्यासपीठावरून नव्हे, तर थेट उपासकांच्या मुखातून ऐकू येत असे. प्रवचन एका रविवारी संपते, गीत पिढ्यान्‌पिढ्या राहते. या दृष्टीने पाहता या अनुवादिकांचा धार्मिक जीवनावरील प्रभाव त्या काळातील अनेक धर्मोपदेशकांहून अधिक ठरला.

अनुवादात काय बदलले

कॅम्पबेल यांचे काम शब्दशः भाषांतराचे नव्हते. १७ लहान कडव्यांच्या जागी त्यांनी प्रत्येकी आठ ओळींची तीनच कडवी व ध्रुवपद ठेवले. विश्वनिर्मितीचा आरंभीचा भाग त्यांनी पूर्णपणे वगळला आणि गीताचा प्रारंभ नांगरणीपासून केला. या एका निर्णयामुळे गीताचे स्वरूप पालटले. निर्मितीची कथा सांगणारे दीर्घ गीत हे शेतीचे सुटसुटीत गीत झाले.

दुसरा बदल प्रतिमांमध्ये दिसतो. क्लाउडियस यांनी लहान आणि महान यांना शेजारी बसविले आहे. त्यांच्या कडव्यात गवताची काडी व तारे एकत्र येतात, वाळूचा कण व समुद्र एकत्र येतात. कॅम्पबेल यांच्या कडव्यात काडीच्या जागी वाटेवरचे फूल आले, ताऱ्यांच्या जागी सायंकाळचा एकच तारा आला. जर्मन गीतात परमेश्वर गायींना चारा आणि मुलांना भाकरी देतो. इंग्रजीत गायी नाहीत. तेथे पाखरांना अन्न मिळते आणि त्याहून अधिक माणसांना. पाखरांचा हा उल्लेख बायबलमधील डोंगरावरील प्रवचनाची आठवण करून देणारा आहे. गोठ्यातील दृश्य अशा प्रकारे चर्चच्या भाषेत आले.

हा लाभ की हानी, याविषयी दोन मते संभवतात. मूळ कवितेचा मातीचा वास अनुवादात कमी झाला हे नाकारता येत नाही. त्याच वेळी, सहज गाता येणारी, श्वासाला सोयीची आणि लक्षात राहणारी रचना गायन शिकविणाऱ्या व्यक्तीने घडविली आहे, हेही जाणवते. अनुवाद जर्मन शब्दांइतकाच जर्मन चालीशीही इमान राखणारा आहे. शब्द नवे असले, तरी ते त्याच सुरांवर नेमके बसतात.

एक शब्द मात्र दोन्ही भाषांत टिकून राहिला. बी ‘विखुरणे’ म्हणजे आपल्याकडील फोकून पेरणे. पाभरीने ओळीत पेरणे नव्हे, तर मूठ भरून शेतभर बी फेकणे. या क्रियेसाठी इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द होता. पुढे विसाव्या शतकात तोच शब्द आकाशवाणीच्या प्रसारणासाठी रूढ झाला.

सुगीचा उत्सव आणि डाइक्स यांची स्वररचना

अनुवाद प्रसिद्ध झाला तो काळही अनुकूल होता. कॉर्नवॉल परगण्यातील मॉर्वेनस्टो येथील धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ मध्ये आपल्या चर्चमध्ये सुगीच्या उपकारस्तुतीची विशेष उपासना घेतली. आधुनिक इंग्रजी सुगी-उत्सवाची सुरुवात तेथून मानली जाते. हा उत्सव लवकरच देशभर पसरला व त्यासाठी गीतांची गरज भासू लागली. हेन्री अल्फर्ड यांचे १८४४ मधील ‘कम, यी थँकफुल पीपल, कम’ हे या प्रसंगाचे दुसरे प्रसिद्ध गीत असून ते जॉर्ज एल्वी यांनी १८५८ मध्ये रचलेल्या चालीवर गायले जाते.

कॅम्पबेल यांच्या गीताला देशव्यापी स्थान मिळाले ते १८६८ मध्ये. ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या अत्यंत लोकप्रिय गीतसंग्रहाची पुरवणी त्या वर्षी निघाली व तीत या गीताचा समावेश झाला. मूळ चालीला चार आवाजांत गाता येईल असे रूप जॉन बॅकस डाइक्स यांनी दिले. डाइक्स हे डरॅम येथील सेंट ऑझ्वाल्ड चर्चचे धर्मगुरू होते. पाश्चात्त्य उपासनासंगीतात प्रत्येक चालीला स्वतंत्र नाव देण्याची पद्धत आहे. या चालीचे नाव आजही इंग्रजी पुस्तकांत ‘वीर फ्ल्यूगेन’ असे जर्मनच छापले जाते. गीत परदेशातून आल्याची खूण तेवढीच उरली आहे.

डाइक्स यांचे नाव भारतीय वाचकांना अगदीच परके नाही. महात्मा गांधींना प्रिय असलेल्या न्यूमन यांच्या ‘लीड, काइंडली लाइट’ या गीताची एक सुप्रसिद्ध चाल डाइक्स यांची आहे. त्याच गीताचा नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेला गुजराती अनुवाद आश्रमाच्या प्रार्थनेत गायला जात असे.

डॅनिश अनुवाद : काळाचा फरक

डेन्मार्कमध्ये हे गीत वेगळ्या मार्गाने पोहोचले. कादंबरीकार व धर्मोपदेशक याकोब क्नुडसेन यांनी १८९१ मध्ये त्याचा डॅनिश अनुवाद केला. चाल तीच राहिली. आज डेन्मार्कमध्ये सुगीच्या उपासनेतील हे अत्यंत परिचित गीत आहे.

क्नुडसेन यांनी केलेला एक बदल विशेष उल्लेखनीय आहे. जर्मन व इंग्रजी गीतांतील नांगरणी-पेरणी वर्तमानकाळात आहे. डॅनिश गीतात ती भूतकाळात आहे : आम्ही नांगरले आणि पेरले. वरकरणी हा व्याकरणाचा किरकोळ फरक वाटतो. परंतु सुगीच्या दिवशी गाणाऱ्या माणसासाठी नांगरणी आणि पेरणी ही मागे पडलेली कामे असतात. समोर असते ते पीक. वर्तमानकाळातील गीत शेतकऱ्याच्या नित्य जीवनाविषयी बोलते, तर भूतकाळातील गीत सरत्या हंगामाकडे वळून पाहते. क्लाउडियस यांनी शीर्षकात ‘सुगी’ म्हटले नव्हते, ‘शेतकऱ्यांचे गीत’ म्हटले होते. सुगीचे गीत ही त्याची ओळख पुढील काळाने दिली आणि क्नुडसेन यांनी भाषेतील काळ बदलून ती ओळख पक्की केली.

‘आम्ही’ म्हणजे कोण?

इंग्लंडमध्ये मात्र एक विसंगती निर्माण झाली होती. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील शहरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक असल्याचे आढळले. म्हणजे हा अनुवाद प्रसिद्ध झाला तेव्हा तो गाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी नांगर कधी हातात धरला नव्हता. ‘आम्ही नांगरतो’ असे म्हणणारा समुदाय बाजारातून पाव विकत घेणारा होता. गीत तरीही लोकप्रिय झाले. कदाचित याच कारणामुळे झाले, कारण शेतीपासून दुरावलेल्या समाजाला वर्षातून एकदा अन्नाच्या मुळाशी नेणारे ते एक साधन ठरले.

विसाव्या शतकात ही विसंगती उपरोधाचा विषय झाली. १९७२ ते १९८४ या काळात ब्रिटनचे राजकवी असलेले जॉन बेचमन यांनी या गीताचे एक विडंबन लिहिले. त्यात बी विखुरणाऱ्या शेतकऱ्याच्या जागी विषारी औषधे फवारणारा आणि नफा मोजणारा शेतकरी येतो. विडंबन समजण्यासाठी मूळ रचना सर्वांना पाठ असावी लागते. बेचमन यांना ती पाठ असल्याची खात्री होती.

याच सुमारास अमेरिकेत गीताला नवी चाल मिळाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे रंगभूमीवर आलेल्या ‘गॉडस्पेल’ या संगीतनाटकात स्टीफन श्वार्ट्झ यांनी ‘ऑल गुड गिफ्ट्स’ हे गीत स्वरबद्ध केले. त्याचे शब्द मुख्यतः कॅम्पबेल यांच्या अनुवादातील आहेत. १९७३ मध्ये या नाटकावर चित्रपट निघाला आणि कधी चर्चमध्ये न गेलेल्या श्रोत्यांपर्यंतही ते शब्द पोहोचले. शुल्त्स यांची चाल गेली, शब्द मात्र अनुवादिकेचेच राहिले.

भारतातील संदर्भ

भारतातील प्रोटेस्टंट चर्चमध्येही सुगीची उपकारस्तुती साजरी होते. विशेषतः दक्षिण भारतात लोक आपल्या शेताबागेतील धान्य, फळे, भाज्या व कोंबड्या चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होऊन मिळालेली रक्कम चर्चच्या कार्यासाठी दिली जाते. येथे ‘आम्ही नांगरतो’ म्हणणारे अनेक जण खरोखरच नांगरणारे असतात.

मराठीत परदेशी गीतांचे अनुवाद मिशनरींच्या काळापासून झाले. तथापि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी वेगळी वाट चोखाळली. परक्या चालींत मराठी शब्द बसविण्याऐवजी त्यांनी अभंग, पद आणि कीर्तन या देशी प्रकारांत ख्रिस्ती भक्तिगीते रचली. मराठी चर्चमध्ये आजही ती गायली जातात. कॅम्पबेल यांनी परदेशी चाल राखून शब्द आपले केले, टिळकांनी श्रद्धा राखून शब्द व चाल दोन्ही आपल्या मातीतील घेतली.

गीताची आजची स्थिती

जर्मनीतील इव्हँजेलिकल चर्चच्या १९९३ पासूनच्या अधिकृत गीतसंग्रहात हे गीत ५०८ व्या क्रमांकावर आहे. तेथेही १७ पैकी निवडक कडवीच छापली जातात व सुरुवात नांगरणीच्या कडव्यापासूनच होते. मूळ संपूर्ण गीत आता प्रामुख्याने क्लाउडियस यांच्या समग्र साहित्यात वाचावयास मिळते.

क्लाउडियस यांचे नाव जर्मन साहित्याच्या प्रत्येक इतिहासात आहे, तर शुल्त्स आणि डाइक्स यांना संगीतकोशांत स्थान आहे. जेन मॉन्टगोमेरी कॅम्पबेल यांची नोंद बहुधा गीताखालील छोट्या अक्षरांतच सापडते. त्यांनी जर्मन नाताळगीत ‘श्टिले नाख्ट’ याचाही इंग्रजी अनुवाद केला होता. मात्र त्याबाबत जॉन फ्रीमन यंग यांचा १८५९ मधील अनुवाद अधिक रूढ झाला. सुगीच्या गीताबाबत तसे घडले नाही. गेली दीडशेहून अधिक वर्षे दर सुगीला इंग्रजी भाषिक जे शब्द आपल्या पूर्वजांचे म्हणून गात आले आहेत, ते पॅडिंग्टनच्या शाळेत मुलांना गायन शिकविणाऱ्या या शिक्षिकेचे आहेत.